आवाज चालतो कसा? काम सांगण्याआधी वाचा

नाटकाचं पार्श्वध्वनीचं काम असो, गणपतीचा देखावा असो की ऑडिओ कथा, ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या स्टुडिओत येणाऱ्यांची पहिली मागणी ठरलेली असते: "आवाज डावीकडून उजवीकडे न्या." तेवढंच हवं असेल तर मिक्सरवरचं पॅनचं बटण फिरवा, आम्हाला पैसे देऊ नका. त्याने आवाजाची बाजू बदलते. पण काहीतरी आपल्यासमोरून गेलं, असं वाटत नाही.

फलाटावरून न थांबता जाणाऱ्या मेलचा भोंगा आठवा. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असेल, तर येतानाचा सूर आणि जातानाचा सूर यांत जवळजवळ तीन अर्धस्वरांचा फरक पडतो. पेटीवर कोमल गंधारावरून षड्जावर यावं, त्याहून किंचित कमी. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियन डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेला हा परिणाम १८४५ मध्ये हॉलंडमध्ये चालत्या रेल्वेत वादक बसवून पडताळला गेला. यातली खरी मेख अशी, की सूर सावकाश, एकसारखा उतरत नाही. बराचसा उतार गाडी अगदी समोरून जाते त्या क्षणी होतो, आणि तुम्ही रुळांच्या जितके जवळ तितका तो झटक्यात होतो. म्हणून नुसता ट्रॅकचा सूर हळूहळू खाली ओढला, तर ऐकणारा फसत नाही.

आम्ही सूर हाताने वाकवतच नाही. वस्तूचा मार्ग आखतो आणि अंतराप्रमाणे आवाजाला उशीर देतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ३४ मीटरवरच्या आवाजाला ०.१ सेकंद लागतो. वस्तू जवळ येताना हा उशीर कमी होत जातो आणि सूर आपोआप चढतो. शिवाय मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, लांबवर तार सप्तकातली धार हवेतच विरते, आणि बंद जागेत थेट आवाज क्षीण होत असताना घुमणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. या शेवटच्या प्रमाणावरून कान अंतर ओळखतो. अमेरिकी संगीतकार जॉन चाउनिंग यांनी १९७१ मध्ये चार स्पीकर आणि संगणक वापरून हे सगळं एकत्र कसं जुळवायचं, ते लिहून प्रसिद्ध केलं. आज यंत्रं बदलली, गणित तेच आहे.

हेडफोन की स्पीकर, हे मात्र आधी सांगा. हेडफोनवर दोन कानांमधला वेळेचा फरक आम्हाला हवा तसा देता येतो. तो फार तर ०.७ मिलिसेकंद असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. अडचण पुढे-मागेची. प्रत्येकाच्या बाहेरच्या कानाची ठेवण वेगळी, त्यामुळे समोरून येणारं पाऊल काहींना पाठीमागे ऐकू येतं. कथेत पात्र बाजूने जात असेल तर हा धोका कमी.

स्पीकरवर गोष्ट उलटी. दोन स्पीकरांच्या मध्ये आवाज 'दिसतो' तो मधोमध बसलेल्यालाच. गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहात कडेच्या खुर्चीवर जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि कान त्यालाच खरा मानतो. मंडपात तर माणसं रांगेत पुढे सरकत असतात. तिथे आम्ही मार्गावर छोटे स्पीकर लपवतो आणि आवाज एकाकडून दुसऱ्याकडे सोपवतो. वायरिंग वाढतं, खर्चही. पण रांगेतल्या प्रत्येकाला गरुड डोक्यावरून गेल्यासारखा वाटायचा असेल तर दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही.

रेकॉर्डिंग कोरडं द्या: एका माइकचं, घुमणं न घातलेलं, प्रत्येक आवाज वेगळ्या फाइलमध्ये. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप नको. घुंगरू, टापा, पंखांची फडफड, मोटारसायकल यांची दिशा कान पटकन पकडतो. ढोलाच्या खालच्या घुमाऱ्याची नाही, त्यामुळे तो आम्ही शक्यतो जागेवरच ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट हलवा. आणि डोक्याभोवती गरगर फिरणारा आवाज मागू नका: वेग वाढला की कानाला फेरी कळत नाही, नुसती थरथर ऐकू येते.

देखाव्याचं काम असेल तर अंतिम पातळ्या मंडप उभा राहिल्यावर, जनरेटर चालू ठेवून, तिथेच ठरवू. त्या संध्याकाळी मंडळाच्या दोन-तीन जणांनी रांगेच्या वाटेने चालून ऐकायला हवं.