डायनॅमो मोठा, तरी बॅटरी उपाशी

तळेगावच्या पॉलिहाउसमधला गुलाब पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा, हा त्या ट्रकचा रोजचा धंदा. रस्ता तासाभराचा, पण माल उतरेपर्यंत गाडी दोन-तीन तास रांगेत उभी. बंद बॉडीत फुलं कोमेजू नयेत म्हणून मालकाने आत चार पंखे लावले. शिवाय केबिनमध्ये छोटा फ्रिज, पुढे एलईडी दिवे, मोबाइलसाठी इन्व्हर्टर. महिनाभरात सकाळी सेल्फ मारेना. बॅटऱ्या नव्या टाकल्या, तरी तेच. गाडी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात वायरमनकडे आली तेव्हा मी तिथे उभा होतो. मालकाचं म्हणणं एकच: मोठा डायनॅमो बसवून टाका.

आपण सवयीने डायनॅमो म्हणतो तो खरं तर अल्टरनेटर. इंजिनाच्या पट्ट्यावर त्याचा रोटर फिरतो, भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज तयार होते, डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज 28 च्या आसपास धरून ठेवतो. गाडीतली वीज कमावणारा हा एकटाच. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. खाली मोटर पाणी चढवत असेल तरच तिचा उपयोग.

अल्टरनेटरवर 60 अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा जोरात फिरताना मिळणारा. रांगेत उभ्या गाडीचं इंजिन आयडलिंगला, म्हणजे नुसतं चालू राहून मिनिटाला 600 फेऱ्यांवर आलं की पुष्कळ अल्टरनेटर निम्मीही वीज देत नाहीत. वायरमनने पंखे सुरू करून बॅटरीच्या वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं चिमट्यासारखं मीटर, लावलं. आकडा आला उणे 27. गाडीला लागत होते 55 अँपिअर, अल्टरनेटर देत होता 28; उरलेला करंट बॅटरीतून जात होता. तीन तासांत 81 अँपिअर-तास गेले. बॅटऱ्या दोन, प्रत्येकी 130 अँपिअर-तासांच्या. दोन मिळून 260 झाले असं मालक धरून चालला होता. पण 24 व्होल्टसाठी त्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यात व्होल्टेज दुप्पट होतं, साठा 130 चाच राहतो. म्हणजे रोज निम्म्याहून जास्त टाकी रिकामी, आणि परतीच्या तासाभरात ती भरत नाही. शिसे-आम्लाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास घेते.

म्हणजे मोठा अल्टरनेटर हवाच होता. पण त्याआधी वायरमनने जे केलं ते प्रत्येक गॅरेजात व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्याने इंजिन रेस करून मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या टोकावर ठेवली, दुसरी थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. एकाच वायरीची ही दोन टोकं. मधला फरक जवळपास शून्य हवा. आला 1.1 व्होल्ट. अल्टरनेटर 28.2 देत होता, बॅटरीला पोचत होते 27.1. पाच मीटर वायर, 16 स्क्वेअर एमएमची. तिच्यात 55 अँपिअरला 0.3 व्होल्ट जातात. मग उरलेले 0.8 कुठे गेले? वायरीवरची चिकटपट्टी सोडल्यावर दिसलं: बॅटरीकडच्या लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर, हिरवट गंज, आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या.

0.8 गुणिले 55 म्हणजे 44 वॅट. 25 वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न कथिल वितळवतं. इथे अंगठ्याएवढ्या लगमध्ये त्याच्या पावणेदोन पट उष्णता. आणि याच वायरीवर 110 अँपिअर सोडले असते तर? करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. लगमध्ये पावणेदोनशे वॅट! डिझेलच्या पाइपाशेजारून जाणाऱ्या वायरीत. नुसता डायनॅमो बदलणं म्हणजे आगीला आमंत्रण, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

मग काम क्रमाने झालं. 50 स्क्वेअर एमएमची नवी वायर, दाबून बसवलेले लग, बॅटरीजवळ फ्यूज. फ्यूज बॅटरीच्याच टोकाला हवा, कारण वायर घासून चॅसीला टेकली तर शेकडो अँपिअर बॅटरीच ओतते. अर्थिंगची पट्टीही बदलली. जाणारा करंट परतही यावा लागतो, आणि गंजलेल्या चॅसीच्या बोल्टकडे कोणी बघत नाही. अल्टरनेटर 120 चा निवडला, पण कमी फेऱ्यांवर किती देतो ते पाहून. काही मोठ्या आकड्याचे अल्टरनेटर आयडलिंगला जुन्याहूनही कमी देतात. पट्टाही रुंद घेतला: 28 व्होल्टला 120 अँपिअर म्हणजे 3.4 किलोवॅट, आणि होणारा अपव्यय धरला तर इंजिनाकडून सात-साडेसात हॉर्सपॉवर ओढली जाते. जुना पट्टा घसरलाच असता.

एक जुनी खोडही त्यातच सापडली. गाण्यांच्या टेपसाठी 12 व्होल्ट हवे म्हणून कोणीतरी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतली होती. रेग्युलेटरला दिसते फक्त दोन्ही बॅटऱ्यांच्या व्होल्टेजची बेरीज. त्यामुळे ती एक बॅटरी कायम अर्धपोटी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवणारी. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावून तो प्रश्न मिटला.

चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघायची’ पद्धत मात्र कृपा करून सोडा. करंट अचानक तुटला की व्होल्टेज क्षणभर शंभराच्याही वर उसळू शकतं, आणि आजच्या गाडीतला कॉम्प्युटर त्यात जळतो.

संध्याकाळी इंजिन आयडलिंगला ठेवून चारही पंखे, फ्रिज, दिवे सगळं सुरू केलं. अल्टरनेटरवर 28, बॅटरीवर 27.8. मालकाने क्लॅम्प मीटर स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं. आकड्यापुढचं उणे चिन्ह गेलं होतं.