दोन धावपट्ट्यांमधली मोकळी जागा

सौदी अरेबियात दम्माम शहराजवळ किंग फहद आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. त्याच्या ताब्यात ७७६ चौरस किलोमीटर जमीन आहे. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची अख्खी बृहन्मुंबई ६०३ चौरस किलोमीटरची. म्हणजे हा एक विमानतळ मुंबईहून मोठा. क्षेत्रफळाच्या यादीत त्याचा पहिला नंबर गेली कित्येक वर्षं कायम आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या अनेक घरांना दम्माम हे नाव चांगलं ओळखीचं आहे, कारण नोकरीसाठी आखाताची वाट धरणारी कितीतरी कोकणी माणसं इथेच उतरतात.

आता या जमिनीवर आहे काय, ते पाहू. धावपट्ट्या दोन, प्रत्येकी चार हजार मीटर लांबीच्या. टर्मिनल, मशीद, गोदामं, रस्ते असा बांधकामाखालचा सगळा भाग मिळून एकूण जमिनीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. बाकी वाळवंट. १९९०-९१ च्या आखाती युद्धात इथे अमेरिकी लष्करी विमानं उभी होती. प्रवाशांसाठी तो १९९९ च्या नोव्हेंबरात खुला झाला. वर्षाला प्रवासी येतात एक-सव्वा कोटी. लंडनच्या हीथ्रोलाही धावपट्ट्या दोनच आहेत, जमीन मात्र जेमतेम १२ चौरस किलोमीटर. तिथून २०२४ साली आठ कोटी एकोणचाळीस लाख लोकांनी ये-जा केली.

त्यामुळे ‘जगातला सर्वांत मोठा विमानतळ कोणता?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. इमारतीच्या क्षेत्रफळावर गेलं तर दुबईचं तिसरं टर्मिनल पुढे येतं, सुमारे १७ लाख चौरस मीटरचं. प्रवासी मोजले तर अमेरिकेतलं अटलांटा. १९९८ पासून २०२० चं कोविड वर्ष सोडलं तर पहिला क्रमांक त्याने सोडलेला नाही. प्रवाशांच्या आकड्यातही एक खाच आहे. विमान बदलण्यासाठी उतरलेला माणूस दोनदा मोजला जातो, येताना एकदा आणि जाताना एकदा. अटलांट्यासारख्या, विमान बदलण्यासाठीच गाजलेल्या ठिकाणी याने आकडा चांगलाच फुगतो.

मला स्वतःला वाटतं, विमानतळाचा मोठेपणा मोजायचा तर वेगळाच प्रश्न विचारायला हवा: खराब हवेतसुद्धा एकमेकांच्या वाटेत न येता इथे एका वेळी किती विमानं उतरू शकतात? या प्रश्नाचं उत्तर भूमिती देते, हवेचं विज्ञान देतं आणि काही प्रमाणात रडारचा वेग देतो.

आधी एकाच धावपट्टीचं पाहू. धावपट्टी रिकामी झाली की लगेच पुढचं विमान उतरवता येईल असं वाटतं. आड येतात ते भोवरे. उडत्या विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो आणि वर कमी. पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घेऊन वर चढायला बघते आणि तिथून एक भोवरा सुटतो. दोन टोकांचे दोन भोवरे, एकमेकांच्या उलट फिरणारे, विमानाच्या मागे लांबवर रेंगाळतात आणि हळूहळू खाली बसतात. विमान जितकं जड आणि जितकं सावकाश, तितका भोवरा जोरकस. उतरताना विमान सावकाशच असतं, म्हणून धोका नेमका तिथेच मोठा. वारा पडलेला असेल तर हे भोवरे मिनिट-दोन मिनिटं तसेच टिकतात. छोटं विमान त्यात सापडलं तर एका अंगावर कलंडू शकतं, आणि जमीन जवळ असल्यामुळे सावरायला जागा नसते.

यावर उपाय अंतराचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार बोइंग ७७७ सारख्या जड विमानामागे एअरबस ३२० सारखं मध्यम विमान येत असेल तर पाच नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर ठेवायचं. पुढे दुमजली ए३८० असेल तर हेच अंतर सात नॉटिकल मैल होतं, सुमारे १३ किलोमीटर. ताशी २६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाला सव्वानऊ किलोमीटर कापायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. ही दोन मिनिटं धावपट्टीसाठी फार महाग असतात. म्हणून हवाई वाहतूक नियंत्रक शक्यतो जड विमानांमागे जडच विमानं लावतात, कारण तिथे चार नॉटिकल मैल पुरतात. आणि दोन उतरत्या विमानांच्या मधल्या फटीत एक उड्डाण बसवतात. एकाच धावपट्टीवर हे काम किती बारकाईने करता येतं ते लंडनजवळच्या गॅटविकवर दिसतं: गर्दीच्या तासात ५५ विमानांची ये-जा. याच्या फार पुढे एका पट्टीला जाता येत नाही.

मग दुसरी धावपट्टी घालायची. पण कुठे?

मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत. मुख्य पट्टी पूर्व-पश्चिम, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. दुसरी तिला तिरकी छेदणारी. वाऱ्याची दिशा बदलली तर पर्याय हवा, हा अशा आखणीमागचा जुना विचार. पण छेदणाऱ्या पट्ट्यांवर एका वेळी दोन विमानं सोडता येत नाहीत, त्यामुळे नकाशावर दोन दिसल्या तरी कामाला एकच. वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी त्या एका पट्टीच्या हिशेबावर चालतात. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथे १,०३२ विमानांची ये-जा झाली. हे काम करणाऱ्या नियंत्रकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

म्हणून दोन पट्ट्या समांतर हव्यात. पण नुसत्या समांतर असून भागत नाही. जमिनीलगत आलेले भोवरे बाजूला सरकतात, म्हणून ७६० मीटरपेक्षा जवळच्या दोन पट्ट्या भोवऱ्यांच्या नियमासाठी एकच धरल्या जातात. त्याहून कठीण प्रश्न आहे तो दोन विमानांनी ढगातून, एकमेकांना न दिसता, शेजारी शेजारी उतरण्याचा.

हे गणित जवळून पाहण्यासारखं आहे. समांतर येणाऱ्या दोन विमानांच्या वाटांमध्ये ६१० मीटर रुंदीचा एक निषिद्ध पट्टा आखलेला असतो. नियंत्रकाच्या पडद्यावर तो दिसतो. कोणतंही विमान त्यात शिरलं की शेजारच्या विमानाला तत्काळ वळवून वर काढायचं. दोन धावपट्ट्यांमध्ये १,०३५ मीटर अंतर असेल (अशा पूर्ण स्वतंत्र अवतरणासाठी एवढं किमान लागतं), तर निषिद्ध पट्टा वजा जाता प्रत्येक बाजूला उरतात सुमारे २१२ मीटर. समजा, एक विमान काही कारणाने ३० अंशांनी शेजारच्या वाटेकडे वळलं. सेकंदाला ७२ मीटर वेगाने जाणारं ते विमान आडव्या दिशेने सेकंदाला ३६ मीटर सरकेल. म्हणजे सहा सेकंदांत ते निषिद्ध पट्ट्याच्या कडेला! साधं रडार दर चार-पाच सेकंदांनी एकदा विमानाची जागा दाखवतं. नियंत्रकाला एखादाच ठिपका हललेला दिसेल, तोवर वेळ संपलेली. म्हणून इतक्या कमी अंतरावर अडीच सेकंदांत किंवा त्याहून लवकर ताजी माहिती देणारं रडार सक्तीचं आहे. अंतर १,५२५ मीटर किंवा अधिक असेल तर मात्र साधं रडार पुरतं.

धावपट्ट्यांमधलं गवताचं मोकळं रान बघून ‘किती जागा वाया घालवली’ असं वाटतं खरं. पण ती जागा म्हणजे नियंत्रकाच्या हातात असलेले सेकंद आहेत.

याची किंमत अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने मोजली. त्यांच्या जुन्या स्टेपलटन विमानतळावरच्या समांतर धावपट्ट्यांमध्ये अर्धा किलोमीटरही अंतर नव्हतं. आकाश स्वच्छ असेल तेव्हा वैमानिक एकमेकांना बघून उतरत. ढग किंवा बर्फ आलं की एक पट्टी गळायची आणि विमानं ताटकळायची. शिवाय आजूबाजूच्या वस्तीने आवाजावरून कोर्टकचेऱ्या चालवल्या होत्या. शेवटी शहराने पार दूर, माळरानावर १३७ चौरस किलोमीटर जमीन घेतली. स्वयंचलित सामान-यंत्रणेच्या घोळामुळे उद्घाटन सोळा महिने लांबलं आणि २८ फेब्रुवारी १९९५ ला नवा विमानतळ सुरू झाला. आज तिथे सहा धावपट्ट्या आहेत, चार उत्तर-दक्षिण आणि दोन पूर्व-पश्चिम, टर्मिनलभोवती भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या मांडलेल्या. एकही दुसरीला छेदत नाही. खराब हवेतही तीन विमानं एकाच वेळी उतरू शकतात. सहा धावपट्ट्या आणखी घालता येतील एवढी जमीन आजही राखून ठेवलेली आहे. २०२४ साली इथून आठ कोटी तेवीस लाख प्रवाशांनी ये-जा केली.

डेन्व्हरच्या सहापैकी एक पट्टी ४,८७७ मीटर लांब आहे. शहर समुद्रसपाटीपासून १,६५५ मीटरवर वसलंय, तिथली हवा मुळातच पंधरा टक्क्यांनी विरळ. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांवर गेला की ती आणखी फुगते आणि पंखांना व इंजिनाला ती २,७०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी लागते. विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायला वेग जास्त लागतो, आणि इंजिनाचा जोर मात्र कमी झालेला असतो. दोन्हींचा फटका एकाच ठिकाणी बसतो: धाव लांबते. इंधनाने भरलेलं, लांब पल्ल्याचं विमान दुपारच्या उन्हात उडवायचं तर ती पावणेपाच-पाच किलोमीटरची पट्टी कामाची ठरते.

अटलांट्याची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे डेन्व्हरसारखी जमीन नाही. १९२५ मध्ये शहराने एक बंद पडलेली मोटारशर्यतीची जागा भाड्याने घेतली, २८७ एकरांची, आणि तिथून विमानतळ वाढत गेला. आजही सगळा पसारा १९ चौरस किलोमीटरचा. त्यात पाच समांतर धावपट्ट्या बसवल्या आहेत. पाचवी २००६ मध्ये आली, तीही महामार्गावर पूल बांधून. खाली गाड्या धावतात आणि वरून विमान. अमेरिकेच्या सुमारे ८० टक्के लोकसंख्येपासून अटलांटा दोन तासांच्या उड्डाणाच्या आत येतं, म्हणून तिथे विमान बदलणं सोयीचं.

माझ्या मते तिथली सगळ्यात देखणी रचना म्हणजे एक टॅक्सीवे, धावपट्टी आणि टर्मिनल यांच्यामधला विमानांचा जमिनीवरचा रस्ता. बाहेरच्या पट्टीवर उतरलेल्या विमानाला टर्मिनलकडे जायला आतली, उड्डाणाची पट्टी ओलांडावी लागते. प्रत्येक ओलांडणीला उड्डाण थांबवावं लागतं, आणि रस्ता चुकण्याचा धोका असतोच. २००७ साली त्यांनी त्या पट्टीच्या टोकाला वळसा घालणारा ‘व्हिक्टर’ नावाचा टॅक्सीवे बांधला आणि तो धावपट्टीच्या पातळीपेक्षा सुमारे नऊ मीटर खोल खणला. त्यामुळे खालून जाणाऱ्या विमानाची उंच शेपटीही वरून झेपावणाऱ्या विमानाच्या वाटेत येत नाही. खाली एक विमान गेटकडे चाललंय, वर दुसरं उडतंय आणि दोघांपैकी कोणालाच थांबावं लागत नाही.

दुबईने एप्रिल २०२४ मध्ये अल मक्तूम विमानतळाच्या विस्ताराचा आराखडा जाहीर केला: पाच समांतर धावपट्ट्या, ४०० गेट, वर्षाला २६ कोटी प्रवासी. सध्याच्या दुबई विमानतळाच्या दोन पट्ट्यांमध्ये ३८५ मीटर अंतर आहे, हे लक्षात घेतलं की नव्या जागेची निकड कळते. एवढ्या सगळ्यासाठी त्यांनी जमीन धरली आहे ७० चौरस किलोमीटर, म्हणजे दम्मामच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी.

आणि आपली नवी मुंबई. उलवे टेकडी कापून आणि उलवे नदी वळवून १,१६० हेक्टरांवर उभा राहिलेला हा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला, सध्या एका धावपट्टीवर. आराखड्यात दोन समांतर पट्ट्या आहेत आणि त्यांच्यातलं अंतर ठरलंय १,५५० मीटर, साध्या रडारला पुरेल त्या मर्यादेच्या किंचित वर. वरचंच गणित लावलं तर निषिद्ध पट्ट्यापर्यंत पोहोचायला चुकलेल्या विमानाला सहाऐवजी तेरा सेकंद लागतील. दुसरी पट्टी झाली की पावसाळ्यात ढग खाली आलेले असतानाही दोन विमानं एकत्र उतरवता येतील अशी ही रचना आहे. अडचण वेगळीच आहे, आकाशाची. जुना आणि नवा विमानतळ सरळ रेषेत एकमेकांपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहेत, दोन्हींच्या मुख्य पट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम आहेत, आणि पूर्वेकडून घाटकोपरवरून मुंबईला उतरणाऱ्या विमानाची वाट नव्या विमानतळाच्या उत्तरेला दहा-अकरा किलोमीटरवरूनच जाते.