पेल्याचं तोंड गोल नसतं

परवा सकाळी पेपरातून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. "उजवा मेंदू जागृत करा, ७ दिवसांत चित्रकार व्हा." त्याच आठवड्यात ओळखीच्या एक आजी नातवाची ड्रॉइंगची वही चाळून सहज म्हणाल्या, "त्याच्या हातातच नाही हो चित्रकला, आमच्या घरात कुणाच्याच नाही." मुलगा तिथेच बसला होता. मला पत्रक आणि आजींचं वाक्य दोन्ही सारखंच टोचलं, कारण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरलीये, की चित्र येणं ही आत कुठेतरी दडलेली वस्तू आहे, कुणाकडे असते, कुणाकडे नसते, आणि नसेल तर फी भरून जागी करून घ्यायची. मी गेली दोन वर्षं रोज रात्री जेवणं आटपली की दहा मिनिटं एक स्टीलचा पेला काढते, तोच पेला, तेच टेबल, आणि त्या पेल्याने मला डोळ्याबद्दल जे शिकवलं ते सांगायला हा लेख.

आधी हाताचं बघू, कारण बिचाऱ्या हातावर उगाच आळ येतो. तुम्ही सही करता तेव्हा दोन-तीन सेकंदांत पेनाचं टोक कितीतरी वेळा वळतं, उलटतं, आणि तरी ती सही मागच्या वर्षीच्या सहीशी जुळते. "क्ष" नाहीतर "ज्ञ" काढायला जी वळणं लागतात ती पेल्यापेक्षा अवघड आहेत. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायला दिलं तर "मला चित्र येत नाही" म्हणणारा माणूसही व्यवस्थित गिरवतो. डेल कोहेन आणि सुसन बेनेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली नेमका हाच प्रश्न घेतला होता, की बहुतेकांना समोर दिसतं ते काढता का येत नाही. त्यांनी चार संशयित धरले: हात, कागदावर काय काढायचं आणि काय सोडायचं याचे निर्णय, स्वतःच्या चित्राकडे बघण्यातली चूक, आणि समोरच्या वस्तूकडे बघण्यातली चूक. एकेक तपासत गेल्यावर हाताचा वाटा फारच थोडा निघाला, सगळ्यात मोठा वाटा होता समोरची वस्तूच चुकीची दिसण्याचा.

चुकीची दिसते म्हणजे काय? डोळ्याचा नंबर नाही म्हणत मी. हे जरा नीट समजून घेऊ, कारण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे.

टेबलावर पेला ठेवा आणि समोर खुर्चीत बसा. समजा पेला तुमच्यापासून ६० सेंटीमीटर लांब आहे आणि तुमचा डोळा पेल्याच्या काठापेक्षा ३५ सेंटीमीटर वर आहे. म्हणजे तुम्ही त्या काठाकडे साधारण ३० अंशातून खाली बघताय. पेल्याचं तोंड खरं गोल असलं तरी या कोनातून डोळ्यात शिरतं ते लंबवर्तुळ, आणि त्याची उंची भागिले रुंदी बरोबर त्या कोनाच्या साइनइतकी असते, दहावीतला साइन, ३० अंशाचा अर्धा. म्हणजे लंबवर्तुळ रुंदीच्या निम्मं उंच. डोळा काठाच्या पातळीवर आणला तर साइन शून्य, तोंड म्हणजे नुसती एक आडवी रेघ. बरोबर वरून बघितलं तर साइन एक, पूर्ण गोल. इतकं साधं गणित आहे. पण नवशिक्याला काढायला सांगा, तो ते तोंड हमखास फुगवून काढतो. माझ्या पहिल्या महिन्याच्या पानांवर मी पट्टी लावून मोजलं तर गुणोत्तर ०.७ च्या आसपास आलं, जिथे ०.५ यायला हवं होतं. आणि बूड मात्र चक्क सपाट! खरं तर बूड डोळ्यापासून अजून खाली असतं, आपण त्याच्याकडे जास्त वरून बघतो, म्हणून बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त हवी. १२ सेंटीमीटर उंच पेल्याला हिशोब केला तर बुडाचं गुणोत्तर ०.६ च्या थोडं वर येतं. पण पेला टेबलावर सपाट बसलाय हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात सरळ रेघ मारून मोकळा होतो.

मेंदूची ही सवय वाईट नाही, उलट तिच्याशिवाय आपलं चालणार नाही. दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा क्षणाक्षणाला बदलत असते, माणूस चार मीटरवरून दोन मीटरवर आला की त्याची प्रतिमा दुप्पट होते, पण आपल्याला कधी कोणी फुगत फुगत आपल्याकडे येताना दिसत नाही. मेंदू अंतर, उतार, उजेड हे सगळं वजा करून वस्तू "खरी" कशी असेल ते आपल्यापुढे ठेवतो, आणि ही वजाबाकी झाल्याचं आपल्याला कळूही देत नाही. विश्वास बसत नसेल तर अंघोळीनंतर बाथरूमच्या आरशावर वाफ धरली असेल तेव्हा एक डोळा मिटून आरशातल्या स्वतःच्या डोक्याची बाहेरची रेघ बोटाने गिरवा आणि मग ती पट्टीने मोजा. तुमच्या डोक्याच्या बरोबर निम्मी येईल, आरशापासून तुम्ही कितीही लांब उभे असा. कारण आरशातली "तुम्ही" आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असता, आणि आरसा बरोबर मधोमध, म्हणून त्याच्यावर उमटणारं माप अर्धं. आयुष्यभर रोज दात घासताना आपण ते निम्मं डोकं बघत आलोय आणि एकदाही ते निम्मं दिसलेलं नाही.

रॉबर्ट थाउलेस नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली लोकांना तिरक्या ठेवलेल्या चकत्या दाखवल्या आणि ती चकती कोणत्या लंबवर्तुळासारखी दिसते ते विचारलं. उत्तरं डोळ्यात पडणाऱ्या आकाराशी जुळली नाहीत आणि पूर्ण गोलाशीही नाहीत, दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आली. माझं ०.७ पण ०.५ आणि १ च्या मध्येच आहे बघा.

आता इथे एक शंका यायला हवी, मला यायला सहा महिने लागले. मेंदू समोरचा पेला फुगवून दाखवत असेल तर कागदावरचा पेलाही फुगवूनच दाखवेल ना? मग मी दोन्ही सारखे दिसेपर्यंत काढत गेले की फुगवटा दोन्हीकडून कटायला हवा आणि चित्र आपोआप बरोबर यायला हवं. ही शंका जुनी आहे. एल ग्रेको हा सोळाव्या शतकातला स्पेनमधला चित्रकार लांबुळकी माणसं काढायचा, तर त्याच्या डोळ्यातच दोष होता असं एका डॉक्टरने पुढे सुचवलं होतं. पण दोष असता तर त्याला स्वतःचा कॅनव्हाससुद्धा लांबुळकाच दिसला असता आणि चित्र सरळ उतरलं असतं, म्हणून तो तर्क टिकत नाही.

मग पेल्याच्या बाबतीत का कटत नाही? कारण फुगवटा दोन्हीकडे सारखा लागत नाही. समोरच्या पेल्याला खोली आहे, दोन डोळ्यांना तो किंचित वेगवेगळा दिसतो, मान हलवली की त्याचा काठ सरकतो, टेबलाचा उतार दिसतो, आणि या सगळ्या खुणांवरून मेंदूला कळतं की हे तोंड तिरकं आहे, करा वजाबाकी. कागदावर मी नुकतंच काढलेलं लंबवर्तुळ मात्र खरोखरच सपाट लंबवर्तुळ आहे, तिथे वजा करायला काही नाही. म्हणजे एका पारड्यात दुरुस्त केलेला माल आणि दुसऱ्यात कच्चा, आणि आपण दोन्ही सारखे करायला बघतो, त्यातला फरक म्हणजे आपली चूक. आणि गंमत पुढेच आहे. जसजशी मी सावली देते, टेबलाची कड काढते, तसतसा कागदावरचा पेलाही "पेला" दिसायला लागतो, मेंदू तिथेही खोली धरायला लागतो, आणि मग फुगलेलं तोंडसुद्धा ठीकच वाटतं, जरा वरून बघितलेला पेला आहे इतकंच. म्हणजे चित्र जितकं पुरं होत जातं तितकी त्यातली चूक नजरेआड जाते. हे शेवटचं माझं स्वतःचं अनुमान आहे, पण वहीतल्या पानांवर मला ते पुन्हा पुन्हा दिसलंय, म्हणून मी आता मापं फक्त चार-पाच रेघा असतानाच तपासते.

ड्रॉइंगचे सर एक डोळा मिटून, हात ताठ करून पेन्सिल समोर धरतात ना, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाने ते बघितलंय, वर्गाच्या मध्ये तांब्या, फळं वगैरे मांडलेलं आणि पोरं पेन्सिलीमागून डोळा बारीक करून बघतायत. ती काही चित्रकाराची पोझ नाही, खोलीच्या खुणा तोडायची युक्ती आहे. होलवे आणि बोरिंग यांनी हार्वर्डमध्ये १९४१ साली एका लांब कॉरिडॉरमध्ये उजेडाच्या चकत्या वेगवेगळ्या अंतरावर ठेवून लोकांना त्यांचा आकार विचारला. दोन्ही डोळे उघडे असताना लोक खऱ्या आकाराच्या जवळ सांगत होते, मग एक डोळा बंद केला, मग बारीक भोकातून बघायला लावलं, मग कॉरिडॉरमधल्या बाकी खुणाही पडदे लावून झाकल्या, तशी उत्तरं डोळ्यातल्या प्रतिमेच्या आकाराकडे सरकत गेली. पेन्सिल हे त्याचंच घरगुती रूप, फक्त कोपर अजिबात वाकू द्यायचं नाही, नाहीतर अंतर बदलतं आणि माप फसतं. व्हॅन गॉगने तर १८८२ साली हेगमध्ये तारा ताणलेली एक लाकडी चौकट बनवून घेतली होती आणि तिच्यातून बघून तो समुद्रकिनाऱ्यावर चित्रं काढायचा. वयाच्या २७ व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि त्यानंतर छापील नमुन्यांवरून ढीगभर सराव केला, त्या माणसाला चौकटीची लाज वाटली नाही.

मग सरावाने नक्की काय सुधारतं? मला वाटायचं की चित्रकाराला शेवटी दृष्टिपटलावरचं कच्चं चित्रच दिसायला लागत असेल. पण २०११ साली पॅरिसमध्ये पेर्द्रो आणि कॅव्हाना या दोघांनी चित्रकार आणि बाकीचे लोक यांची आकार आणि उजेड जोखण्यात तुलना केली, तेव्हा चित्रकारांच्याही मेंदूची वजाबाकी तशीच चालू असलेली दिसली. यावर सगळ्यांचं एकमत नाही, काही प्रयोगांत थोडा फरक आढळलाय, पण माझ्या वहीचा अनुभव त्या दोघांच्या बाजूने आहे. मला पेला आजही तितकाच गोल दिसतो. बदललंय ते एवढंच की मी त्या दिसण्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. कोहेननेच २००५ साली दाखवलं की जे लोक वस्तूकडे वारंवार नजर टाकतात त्यांची चित्रं जास्त नेमकी येतात. एकदा पोटभर बघून मग कागदात डोकं घातलं की आपण वस्तू काढत नाही, आठवण काढतो, आणि आठवणीत पेला गोलच असतो.

आणि म्हणूनच नुसता सराव पुरत नाही. पहिले तीन महिने मी रोज काढलं, रोज फुगवलं, आणि फुगवायचा हात छान बसत गेला. फरक पडला तो मोजायला लागल्यावर. आता क्रम असा: आधी अंदाजाने काढायचं, मग पेन्सिलीने मापायचं, मग किती चुकलं ते आकड्यात कोपऱ्यात लिहायचं, तारखेसकट. आधी मापून मग काढलं तर चित्र बरं येतं पण मेंदूला त्याची चूक कळतच नाही. चुकलेली रेघ खोडायची नाही, तिच्या शेजारी बरोबर रेघ आली की मगच खोडरबर. पान उलटं करून बघायचं, किंवा आरशात, आरशाची युक्ती तर लिओनार्दोने आपल्या वह्यांत लिहून ठेवलीये, उलटं झालं की ओळखीचा पेला अनोळखी होतो आणि कललेली बाजू झटकन दिसते. उभ्या रेघेसाठी मी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केलाय. आणि "घाण आलंय" असं लिहायचं नाही, ते समीक्षण नव्हे. "तोंड ०.६२, हवं ०.५" हे समीक्षण.

त्या पत्रकाबद्दलही सांगते. रॉजर स्पेरी या मेंदूच्या अभ्यासकाला १९८१ साली नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धांवरच्या कामासाठीच, पण त्याने अभ्यासलेल्या रुग्णांच्या मेंदूतला जोडणारा पूल शस्त्रक्रियेने कापलेला होता, आपला तो जागेवर आहे. उजव्या बाजूला इजा झालेल्या माणसाच्या चित्रात मांडणी विस्कटते, डावीकडे झाली तर बारकावे गळतात, म्हणजे चित्र काढायला दोन्ही लागतात. त्या पत्रकाचीच भावंडं म्हणजे बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारी टेस्ट आणि मिडब्रेन जागा करणारी शिबिरं, जिथे डोळ्यावर पट्टी बांधलेली मुलं नाकाशेजारच्या फटीतून वाचतात आणि आईबाप टाळ्या वाजवतात. मुलाला खोटं बोलायला शिकवून वर त्याचे पैसे घेणं याचा मला मनापासून राग येतो. टूबीची पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदांची चवड याला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.

त्या आजींच्या नातवाला मी पेल्याचं फक्त तोंड काढायला लावलं, मग मोजायला. त्याचं आलं ०.८. "म्हणजे माझे डोळे खराब आहेत?" म्हणाला. नाही रे, चांगले चालतायत म्हणूनच आलं. त्याने ०.८ कोपऱ्यात लिहिलं, खाली तारीख घातली आणि दुसरं काढायला घेतलं, ते ०.७ आलं. माझं तोंड हल्ली ०.५५ च्या आत येतं. बूड मात्र अजून सपाटाकडेच झुकतंय, काल ०.४ होतं, म्हणून या आठवड्यात तोंड काढायचंच नाही, नुसती बुडं.