आर्को येथील स्पोर्ट क्लाइंबिंग

उत्तर इटलीच्या त्रेंतिनो प्रांतात, गार्दा सरोवराच्या वरच्या टोकाजवळ सार्का नदीच्या काठी आर्को हे छोटे शहर आहे. नैसर्गिक कातळावर आधीच ठोकलेल्या बोल्टच्या आधाराने चढण्याच्या खेळासाठी, म्हणजे स्पोर्ट क्लाइंबिंगसाठी, ते युरोपभर प्रसिद्ध आहे. आल्प्सच्या पायथ्याला असूनही शहराची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ९० मीटर. सरोवरामुळे हवा उबदार राहते, ऑलिव्हच्या बागा पिकतात आणि भर हिवाळ्यातही उन्हातल्या कड्यांवर चढता येते. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीत होता आणि आर्को हे तिथल्या धनिकांचे हवापालटाचे गाव होते. हॅब्सबर्ग घराण्यातले आर्चड्यूक आल्ब्रेख्त १८९५ मध्ये इथेच वारले. गिर्यारोहक आले ते बरेच नंतर. पाहुण्यांची सरबराई करण्याची सवय गावाला आधीपासूनच होती.

इथला खडक चुनखडीचा. सह्याद्रीच्या बेसाल्टवर घसारा आणि निखळणारे दगड यांची धास्ती बाळगत चढणाऱ्याला इथे वेगळेच कसब लागते. पाण्याने विरघळून पडलेल्या भोकांत एक-दोन बोटेच मावतात. काही कड्यांवर चुन्याचे उभे खांब साचलेले असतात; ते दोन्ही हातांनी कवटाळून वर सरकावे लागते. शहराच्या डोक्यावरचा कोलोद्री हा कडा सुमारे ३०० मीटरचा असून तिथे अनेक टप्प्यांचे मार्ग आहेत. एका दोरात संपणारे मार्ग मुख्यतः मास्सोने, नागो, सान पाओलो या ठिकाणी आहेत. मास्सोनेची भिंत ऑलिव्हच्या बागेच्या वरच आहे. गाडी लावून थोडे चालले की चढाईसाठी दोर उलगडायचा.

चढाईची रीत अशी. पुढचा गडी हार्नेसला, म्हणजे कंबर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्याला, दोर बांधून निघतो, खालचा जोडीदार बिले देतो, म्हणजे एका साधनातून दोर सोडत राहतो आणि पडल्यास अडवतो. वाटेतल्या प्रत्येक बोल्टमध्ये क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेल्या दोन कड्या) अडकवायचा आणि त्यात दोर घालायचा. बोल्टच्या दोन मीटर वर गेल्यावर हात सुटला तर चार मीटर, शिवाय दोराच्या ताणाइतके खाली यावे लागते. हे पडणे खेळात धरलेलेच असते. खरा धोका जोडीदार दोर सोडत खाली उतरवतो तेव्हा असतो. दोर मार्गाच्या उंचीच्या दुपटीहून आखूड निघाला तर त्याचे मोकळे टोक बिलेच्या साधनातून निसटते आणि वरचा माणूस थेट जमिनीवर येतो. म्हणून त्या टोकाला गाठ मारायची असते. साधी गोष्ट, पण कंटाळा केला जातो तो नेमका हिचाच.

या खेळाच्या स्पर्धांचा इतिहास आर्कोला वगळून सांगता येत नाही. १९८५ मध्ये इटलीतल्या बार्दोनेक्कियाजवळ ‘स्पोर्टरोचा’ ही स्पर्धा नैसर्गिक कड्यावर झाली. श्टेफान ग्लोव्हाट्स आणि कॅथरीन देस्तिव्हेल विजयी झाले. पुढच्या वर्षी तिचा एक टप्पा आर्कोत झाला आणि १९८७ पासून आर्कोची स्वतःची ‘रॉक मास्टर’ सुरू झाली. पहिली स्पर्धा कोलोद्रीच्या खऱ्या कातळावर झाली. पण स्पर्धेसाठी दर वेळी कोरा मार्ग लागतो आणि तो खडकावर तयार करायचा म्हणजे खडकाची नासधूस आलीच. त्यामुळे रॉक मास्टर लवकरच कृत्रिम भिंतीवर गेली, आणि ते योग्यच झाले. २०११ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही आर्कोतच झाली.

मार्गांची काठिण्यपातळी फ्रेंच श्रेणीत सांगतात; आकडा, मग अक्षर आणि अधिकचे चिन्ह जितके पुढचे तितका मार्ग अवघड. आर्कोजवळच्या बाओनेच्या कलत्या शिळांवर शिकाऊ मुलेही चढतात. दुसऱ्या टोकाला, शेजारच्या द्रेना इथला ‘एक्सकॅलिबर’ हा मार्ग इटालियन क्लाइंबर स्तेफानो गिसोल्फी यांनी २०२३ मध्ये पहिल्यांदा चढून त्याला ९बी+ ही जगातल्या सर्वांत अवघड श्रेणींपैकी एक दिली. ‘एरेबोर’ हा अवघड मार्गही त्यांचाच. २०२१ मध्ये इटलीच्याच लाउरा रोगोरा यांनीही तो पूर्ण केला.

लोकप्रियतेची किंमत खडकावर दिसते. सोप्या मार्गांवर असंख्य बुटांनी पायाच्या जागा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत; पुस्तकात सोपी वाटणारी श्रेणी तिथे पाय घसरवते. ईस्टरच्या सुट्टीत तर अशा मार्गांखाली नंबर लावावा लागतो. अनुभवी मंडळी म्हणूनच वसंत किंवा शरद ऋतूतले आडवार निवडतात. उन्हाळ्यात भिंती तापतात, तेव्हा सावलीतले कडे शोधायचे किंवा दुपारी दक्षिणेकडून येणाऱ्या ‘ओरा’ वाऱ्याची वाट पाहायची. सरोवरावरचे विंडसर्फर याच वाऱ्यासाठी येतात.