विपश्यना

विपश्यना : (पाली रूप ‘विपस्सना’). श्वास, शरीरावरील संवेदना आणि मनाच्या वृत्ती यांत न गुंतता, त्या उठतात व मावळतात तशा पाहत राहण्याची बौद्ध साधना. अशा पाहण्याने प्रतिक्रियेची जुनी सवय सैल होते आणि चित्त सुखदुःखांत डळमळत नाही, ही तिची मूळ भूमिका. महाराष्ट्रात ‘इगतपुरीला दहा दिवस बसून आलो’ एवढे म्हटले, की साधनेचे नाव वेगळे सांगावे लागत नाही.

‘पस्सना’ म्हणजे पाहणे, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो ‘वि’ या उपसर्गाविषयी. अट्ठकथांचा (पाली ग्रंथांवरील जुन्या टीकांचा) कल ‘विविध प्रकारे पाहणे’ या अर्थाकडे आहे, म्हणजे अनित्य, दुःख व अनात्म अशा अंगांनी पाहणे. शिबिरांतून ‘विशेष रीतीने, जसे आहे तसे पाहणे’ असा अर्थ सांगतात. पहिला अर्थ जुना आहे आणि साधनेच्या तपशिलाशी अधिक जुळतो.

मराठी वाचकाची अडचण वेगळीच आहे. या परिभाषेतील तीन कळीचे शब्द मराठीत आहेत, पण अर्थ पालटून. ‘वेदना’ म्हणजे आपल्याकडे दुखणे. पालीत सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला कोणताही अनुभव. ‘उपेक्षा’ म्हणजे आपल्याकडे हेळसांड. तिथे ती समतोल दृष्टी, मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी (उदात्त चित्तावस्थांपैकी) शेवटचा. ‘सति’ म्हणजे स्मृती खरी, पण गेल्या गोष्टींची आठवण नव्हे, चालू क्षणाचे भान. ‘वेदनेकडे उपेक्षेने पाहावे’ हे वाक्य आजच्या मराठीत वाचले तर वैद्याकडे जाऊ नका असा सल्ला वाटेल. म्हणून संवेदना, समता, जागरूकता हे पर्याय रूढ झाले. त्यांतला ‘संवेदना’ सोयीचा असला तरी निर्दोष नाही. सुत्तांत (बुद्धाच्या उपदेशांत) वेदना कायिक तशीच चेतसिकही (मानसिकही) सांगितली आहे. ‘संवेदना’ म्हटले की ती शरीरापुरती उरते. शरीरावर भर देणारे शिक्षक अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहातील ‘वेदनासमोसरणा सब्बे धम्मा’ (सर्व धर्म, म्हणजे अनुभवातील सर्व गोष्टी, वेदनेत येऊन मिळतात) या वचनाचा आधार घेतात. मात्र त्या वचनात शरीराचा उल्लेख नाही.

उगम : साधनेचा मूलाधार म्हणून मज्झिमनिकायातील दहावे सतिपट्ठानसुत्त व दीघनिकायातील बाविसावे महासतिपट्ठानसुत्त यांकडे बोट दाखवले जाते. त्यांत काया, वेदना, चित्त आणि धर्म यांच्या अनुपश्यना (सतत पाहत राहण्याच्या साधना) आहेत. ‘विपस्सना’ हा शब्द सुत्तांत बहुधा ‘समथ’ (चित्त शांत करणे) या शब्दाच्या जोडीने येतो. कौशांबीच्या घोषिताराम विहारात बुद्धाचा शिष्य आनंद याने भिक्षूंना सांगितलेल्या चार वाटांपैकी तीन वाटांत आधी समथ मग विपस्सना, आधी विपस्सना मग समथ आणि दोन्ही जोडीने असे क्रम आहेत. तेव्हा या दोन स्वतंत्र पद्धती नसून चित्ताच्या दोन बाजू असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांची पद्धतशीर मांडणी साधारण इ. स. पाचव्या शतकात टीकाकार बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात झाली. या ग्रंथाचे संपादन गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी केले. म्हणजे मराठी अभ्यासकांना विपश्यना इगतपुरीच्या कितीतरी आधी ग्रंथातून ठाऊक होती.

आजच्या शिबिरांतील पद्धत थेट बुद्धकाळापासून अखंड चालत आली काय, हा वाद मिटलेला नाही. परंपरा सांगते, की अशोकाच्या काळी सोण व उत्तर हे थेर (ज्येष्ठ भिक्षू) सुवर्णभूमीला गेले आणि तिथे, म्हणजे ब्रह्मदेशात, थोड्या आचार्यांनी ती जपली. सोण व उत्तर यांचा उल्लेख महावंस या श्रीलंकेच्या पाली इतिवृत्तात आहे. पण सुवर्णभूमी नेमकी कोणती यावर एकमत नाही आणि मधल्या शतकांतील आचार्यांची नावे मिळत नाहीत. अलीकडच्या संशोधनाचा कल असा, की अठराव्या शतकाच्या मध्यास मेदावी (१७२८–१८१६) या ब्रह्मी भिक्षूने ग्रंथांच्या आधारे तिची पुनर्मांडणी केली आणि भिक्षू लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांनी ती गृहस्थांपर्यंत नेली. त्यामागे राजकीय कारणही होते. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत केले. हाच राजा पुढे रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. धर्माला राजाश्रय उरला नाही, तेव्हा तो राखण्याची जबाबदारी सामान्य माणसांवर आली. पुढचे आचार्य सया तेजी (१८७३–१९४५) शेतकरी होते, तर ऊ बा खिन (१८९९–१९७१) स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल.

ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीवर उपाय शोधताना ते साधनेकडे वळले. १९६९ मध्ये भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले.

पद्धत : पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा (आनापान). चौथ्या दिवशी विपश्यना देतात : डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत प्रत्येक भागावरील संवेदना पाहणे. तेव्हापासून रोज तीनदा तासभर आसन न बदलता बसायचे. याला अधिष्ठान म्हणतात. गुडघा ठणकू लागतो. त्याला ‘माझा गुडघा’ न म्हणता पाहत राहिले, की सलग वाटणारा ठणका धडधड, ताण, उष्णता असा तुटक होत जातो. अनित्यता समजावण्याची ही रीत प्रवचनापेक्षा प्रभावी ठरते. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन असते; लिहिणे-वाचणेही बंद. शुल्क नाही, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. गंभीर मनोविकार असणाऱ्यांना ही शिबिरे मानवतीलच असे नाही. म्हणून प्रवेश-अर्जात तशी विचारणा असते.

तुरुंगांतही शिबिरे झाली. १९९४ मधील तिहारचे विशेष गाजले. मुंबईतील गोराई येथे २००९ मध्ये खुल्या झालेल्या पॅगोडाच्या घुमटाला आत एकही खांब नाही. एकमेकांत अडकवलेल्या दगडांवर तो पेलला आहे. त्याचा आकार यांगोनच्या श्वेडगॉन पॅगोडावरून घेतला आहे, ब्रह्मदेशाच्या ऋणाची आठवण म्हणून.