ऊर्जाबचत, घरातील व प्रवासातील

रोजच्या कामांत अडचण न येऊ देता वीज, गॅस व वाहनाचे इंधन यांचा खप कमी करण्याच्या साध्या सवयी व उपायांना ऊर्जाबचत म्हणतात. तेच काम कमी ऊर्जेत करून देणारे यंत्र घेणे म्हणजे कार्यक्षमता वाढवणे. यंत्र आहे तेच ठेवून वापरण्याची रीत बदलणे म्हणजे काटकसर. व्यवहारात दोन्ही सरमिसळ होऊनच येतात.

घरच्या विजेचे माप युनिट. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात 36 लाख जूल. बचतीच्या चर्चेत नेहमी घोटाळा होतो तो या मापाचा अंदाज नसल्यामुळे. डोळ्यांना दिसते ते आपण बंद करतो: दिवा, टीव्हीवरचा लाल ठिपका, भिंतीतला मोबाइलचा चार्जर. खरा खप मात्र उष्णता निर्माण करण्यात किंवा ती इकडची तिकडे हलवण्यात होतो, आणि उष्णता दिसत नाही. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण हौदाला मोठे भोक असेल तर आधी ते बुजवावे लागते.

पाणी तापवणे

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे 4.19 किलोजूल लागतात. या एका आकड्यावरून घरातला बराच हिशेब उलगडतो. 20 अंशांचे 20 लिटर पाणी 40 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.47 युनिट लागते. तेवढ्या विजेत 9 वॉटचा एलईडी दिवा 50 तासांहून अधिक जळतो. शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटर पाणी पडत असेल, तर दहा मिनिटांच्या अंघोळीत 90 लिटर जाते आणि दोन युनिटांहून अधिक ऊर्जा मोरीतून वाहून जाते. म्हणून कमी प्रवाहाचा शॉवर, दोन मिनिटे लवकर आटपलेली अंघोळ किंवा छतावरचा सौर तापक यांपैकी एक उपाय चार्जर काढून ठेवण्याच्या वर्षभराच्या व्रतापेक्षा कितीतरी अधिक फळ देतो.

साठवणीच्या गीझरमधले तापलेले पाणी न वापरताही हळूहळू निवत राहते. त्यामुळे तो दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा गरजेच्या थोडे आधी लावणे बरे. त्याचे तापमान खूप चढवू नये, तसे 60 अंशांच्या फार खालीही आणू नये. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनियासारखा आजार होतो. काटकसरीलाही मर्यादा असते, ती इथे. कपडे धुण्याचे यंत्र गरम पाण्यावर चालवले तर त्यातही बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. फारसे मळलेले नसतील तर कपडे गार पाण्यातही निघतात.

स्वयंपाक

पाणी एकदा उकळू लागले की आच कितीही मोठी केली तरी त्याचे तापमान वाढत नाही. वाढते ती फक्त वाफ. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 335 किलोजूल पुरतात, पण तेच पाणी पूर्ण आटवायचे तर आणखी 2,257 किलोजूल, म्हणजे जवळजवळ सातपट. भांड्यावर झाकण ठेवणे आणि उकळी फुटताच आच बारीक करणे या जुन्या सवयींमागचे शास्त्र एवढेच आहे. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक दनी पापँ याने 1679 मध्ये घट्ट झाकणाचे वाफेचे भांडे तयार केले. आजचा प्रेशर कुकर त्याचाच वंशज. आतला दाब वाढल्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते, अन्न लवकर शिजते आणि वाफ वाया जात नाही. भांड्याच्या बुडाबाहेर पसरलेली ज्योत हवा तापवते, अन्न नव्हे. इंडक्शन शेगडीत उष्णता थेट भांड्याच्या तळातच निर्माण होते, म्हणून ही गळती टळते.

गारवा

फ्रीज आणि वातानुकूलन यंत्र थंडी तयार करत नाहीत. आतली उष्णता उपसून बाहेर टाकतात. होडीतले पाणी उपसावे तसे हे काम आहे: भोक जितके मोठे, तितका उपसा जास्त. बाहेर 34 अंश आणि खोलीत 24 अंश असतील तर फरक दहा अंशांचा. यंत्र 25 वर ठेवले की भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता साधारण दहाव्या हिश्शाने घटते. खोली लवकर गार व्हावी म्हणून एकदम 16 वर लावण्याची सवय सर्रास दिसते. साध्या यंत्राचा कॉम्प्रेसर एकाच गतीने चालतो, त्यामुळे खोली लवकर गार होत नाही; यंत्र फक्त जास्त वेळ चालते. दुपारचे ऊन खिडकीबाहेरच अडवणे, फटी बुजवणे आणि गाळणी धुणे हे उपाय यंत्राला हात न लावता काम हलके करतात.

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट किंचित उष्णताच वाढवतो. जुना छताचा पंखा 70 ते 80 वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा सुमारे 30. जुन्या खटक्याच्या रेग्युलेटरमध्ये गती कमी केल्यावर वाचलेल्या विजेचा काही भाग रेग्युलेटर तापवण्यातच जात असे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने ते थांबले.

फ्रीज कधीच बंद होत नाही, म्हणून त्याची छोटी चूकही महागात पडते. मागच्या भिंतीपासून हवा खेळेल एवढे अंतर हवे. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटला तर रबर सैल झाले आहे असे समजावे. आत 4 अंश आणि बर्फाच्या कप्प्यात उणे 18 अंश एवढे पुरेसे आहे.

दिवे आणि स्टँडबाय

तारेचा जुना 60 वॉटचा बल्ब सुमारे 800 ल्यूमेन (प्रकाशाचे माप) प्रकाश देई आणि बाकी जवळजवळ सगळी वीज उष्णतेत घालवी. तेवढाच प्रकाश एलईडी 8 ते 9 वॉटमध्ये देतो. पांढऱ्या एलईडीची वाट मोकळी करणाऱ्या निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकीचे नोबेल मिळाले. ट्यूबलाइट पुन्हा लावताना तासाभराची वीज जाते ही समजूत निराधार आहे. सुरू होतानाचा जादा खप काही सेकंदांपुरता असतो.

स्टँडबायवर, म्हणजे वापरात नसतानाही, सतत एक वॉट घेणारे उपकरण वर्षाला 8.76 युनिट खाते. एकटे ते किरकोळ. जुन्या सेट-टॉप बॉक्ससारखी दहा-पंधरा वॉटची उपकरणे मात्र बटणावरून बंद करण्याजोगी असतात.

दिवा स्वस्तात जळू लागला की माणसे जास्त दिवे लावतात. यंत्रे सुधारल्यावर कोळशाचा एकूण खप घटत नाही, वाढतो, हे इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने 1865 मध्येच दाखवले होते. घरगुती पातळीवर हा उलटा परिणाम बहुधा अंशतःच होतो. पण नवा काटकसरी फ्रीज आणून जुना दुसऱ्या खोलीत चालूच ठेवणारे घर पाहिले की जेव्हन्स आठवतो.

रस्त्यावर

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. साध्या मोटारीत तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकी इंजिन तापवण्यात आणि धुरातून जातो. जो पाव हिस्सा उरतो तो हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि ब्रेक या तिघांत वाटला जातो, आणि चालकाच्या हातात असते ती हीच वाटणी.

शहरात ब्रेक हा मुख्य चोर. 1,200 किलोची मोटार ताशी 60 किलोमीटर वेगाला असताना तिच्यात सुमारे 167 किलोजूल गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली ऊर्जा) असते. ती मिळवायला अंदाजे 20 मिलिलिटर पेट्रोल लागते, आणि ब्रेक दाबताच ती सगळी चकत्या तापवून संपते. वेग निम्मा असता तर नुकसान चौथ्या हिश्शाचे झाले असते. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना शेवटपर्यंत वेग घेऊन करकचून थांबणारा चालक पोचतो सगळ्यांबरोबरच, फक्त जास्त इंधन जाळून. लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये घरंगळू द्यावी. उतारावर न्यूट्रल टाकण्याची जुनी युक्ती इंजेक्शनच्या (इंजिनात इंधन मोजून फवारणाऱ्या) गाड्यांना लागू नाही: गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला इंधन लागतेच. शिवाय ताबाही सुटतो.

मोकळ्या रस्त्यावर शत्रू बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेल्यास तो 56 टक्क्यांनी चढतो. ऑक्टोबर 1973 च्या अरब देशांच्या तेलबंदीनंतर अमेरिकेने 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आणली ती याच कारणाने. नेदरलँड्सने तर 4 नोव्हेंबर 1973 पासून काही रविवार मोटारी रस्त्यावर आणायलाच मनाई केली. टपावरचे रिकामे सामानाचे कॅरिअर काढून ठेवणे हाही हवेचा विरोध कमी करण्याचाच भाग आहे. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि प्रत्येक फेऱ्यात तापतो.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हा शून्य किलोमीटरचा प्रवास. थांबा दहा सेकंदांपेक्षा बराच लांबणार असेल तर, वाहतुकीच्या रांगेत नसताना, इंजिन बंद करणे किफायतशीर ठरते. विजेवरच्या मोटारी ब्रेक लावताना गतिज ऊर्जेचा मोठा भाग बॅटरीत परत घेतात, म्हणून त्या शहरात जास्त काटकसरी भासतात; हवेचा विरोध त्यांनाही चुकत नाही.

मोटारीचा सर्वांत उधळा प्रवास एक-दोन किलोमीटरचा असतो. थंड इंजिनात तेल घट्ट असते, पेट्रोल जास्त लागते, आणि इंजिन पुरते तापायच्या आत मुक्काम येतो. एवढ्याच अंतरासाठी सायकलस्वाराला सपाट रस्त्यावर शंभर वॉटच्या आसपास ताकद लागते, म्हणजे जुन्या छताच्या पंख्याहून थोडी अधिक.