ग्रुपवर कोणी काहीही टाकलं, तर ॲडमिन तुरुंगात जातो?

"सर्व ॲडमिननी लक्ष द्या" हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय: ग्रुपवर कोणीही काही वावगं टाकलं, तर ॲडमिन आत जाणार. त्याच्यासोबत तीन टिकांची थापही येते: दोन निळ्या आणि एक लाल दिसली, म्हणजे सरकार कारवाई करू शकतं. व्हॉट्सॲपमध्ये लाल टिक नाहीच. एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या की वाचला. बस्स.

ॲडमिनचा प्रश्न मात्र खरंच कोर्टात गेला होता, तोही आपल्याच गोंदिया जिल्ह्यातून. ग्रुपमधल्या एका महिलेबद्दल एका सदस्याने घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्यावरचा खटला रद्द केला. कोर्टाचं म्हणणं असं: ॲडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो. पण सदस्याचा मजकूर पडण्याआधी तो तपासू शकत नाही, अडवूही शकत नाही. मग लिहिणाऱ्याचा गुन्हा त्याच्या माथी कसा मारायचा? दोघांचं आधीच संगनमत असेल, तर गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली.

स्वतः टाकलेल्या किंवा पुढे ढकललेल्या मजकुराला मात्र ॲडमिनही इतरांसारखाच जबाबदार.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या भीतीपायी 'फक्त ॲडमिनच लिहू शकेल' असं सेटिंग लावून ठेवलं होतं. चार दिवस टँकर आला नाही, तरी तिथे कोणाला एक ओळ लिहिता आली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.